धाकटी सायबीण

"तू तिला हात लावू नकोस," आय म्हणाली.

मी ओट्यावर बसून चपलांचे पट्टे लावत होतो. आय समोर वालाच्या शेंगा सोलत होती आणि तिने मान वर केली नव्हती. मी म्हटलं, फादर लिओंनी बिशपांना माझं नाव कळवलंय, आता नाही म्हणता येणार नाही. परका डॉक्टर येण्यापेक्षा गावचा माणूस बरा, निदान जपून तरी उचलेल. मी फाटकाशी जाऊन मागे वळून पाहिलं, तर तिची बोटं शेंगेवर होती तिथेच थांबलेली होती. मला वाटलं, भाविक बाई आहे, तिला हे सगळं सहन होत नसणार. मी निघालो.

एकोणीसशे शहाऐंशी सालचा मे महिना होता. मी तेव्हा मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवत होतो आणि सुट्टीत आयकडे सातवडला आलो होतो. सातवड म्हणजे वसईच्या समुद्रपट्टीतलं केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांचं आमचं ख्रिस्ती गाव. गावाचं चर्च जुनं, आणि त्या चर्चची ओळख म्हणजे आल्ताराखालची, म्हणजे वेदीखालची, काचेची पेटी. पेटीत एक मुलगी झोपलेली असायची. तोंड आणि हात मेणाचे, अंगावर रेशमी झगा, केसांवर फुलांची जाळी, डोकं रेशमी उशीवर किंचित कललेलं. मेणाच्या आतल्या कापडी धडात खऱ्या हाडांचे अवशेष होते. रोमच्या भुयारात पुरलेल्या एका हुतात्मा मुलीचे ते अवशेष शंभरेक वर्षांपूर्वी कुणा मिशनऱ्याने बोटीतून आणले, असं सांगत. तिचं नाव संत सेरेना. पण ते नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. पवित्र मारिया ती थोरली सायबीण, म्हणून ही धाकटी सायबीण.

फादर लिओ आमच्याकडे बदलून आले त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. तरुण होते, खूप शिकलेले होते, आणि त्यांना ती पेटी पाहवत नसे. ते आडपडदा न ठेवता बोलत. ही हाडं कुणाची याचा काही पुरावा नाही, मेण आणि काच म्हणजे श्रद्धा नव्हे, आपण एका गोऱ्या परदेशी बाहुलीच्या पाया पडतो आहोत, असं ते प्रवचनातसुद्धा म्हणाले होते. त्यांना पेटी काढून तिथे साधा दगडी आल्तार हवा होता, आणि मागच्या भिंतीवर मोठं चित्र. चित्रकार त्यांच्या ओळखीचा होता. त्याने काढलेला कच्चा आराखडा फादरनी चर्चच्या दारात लावला तेव्हा गावात खळबळ उडाली. त्यातली मारिया आमच्याकडच्या बायांसारखी लाल लुगडं नेसलेली होती, गळ्यात पोवळ्यांची माळ, अंबाड्यात फुलं, कडेवर सावळं बाळ.

पेटीच्या बाजूने सर्वांत पुढे होता माझा सख्खा मामा, पास्कोल. आम्ही त्याला पास्कूमामा म्हणायचो. आयचा धाकटा भाऊ, गावचा पुढारी, चर्चच्या समितीवर आयुष्यभर असलेला माणूस. रोज सकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे उपासनेनंतर, बहुतेक लोक गेले की तो पेटीपुढे गुडघे टेकून बसायचा. भिंतीवरच्या चित्राबद्दल त्याने भर सभेत फादरना विचारलं होतं, "ही तर आमच्या शेजारघरची बाई दिसते. घरच्या माणसापुढे गुडघे कसे टेकायचे, फादर?" लोक हसले होते.

शेवटी भांडण बिशपांपर्यंत गेलं. त्यांनी कळवलं की आधी पेटी उघडून आतले अवशेष जाणकाराकडून तपासून घ्या, मग बोलू. जाणकार म्हणजे मी.

आल्तारामागच्या खोलीत, आम्ही जिला साक्रिस्ती म्हणतो, तिथे लांब टेबलावर पेटी आणून ठेवली होती. आत आम्ही तिघंच होतो, फादर लिओ, पास्कूमामा आणि मी. मामा भिंतीला टेकून उभा होता आणि हातातली रोझरीची माळ बोटांनी पुढे सरकवत होता. झाकण उचललं तेव्हा कापराचा आणि जुन्या रेशमाचा वास आला. तो वास मला ओळखीचा होता. सायबिणीचे झगे आमच्या घरी शिवले जात. वर्षातून एकदा, सणाच्या आदल्या दिवशी, आय साक्रिस्तीत दार लावून एकटी तिचे कपडे बदलायची. सायबीण कुमारिका, तिच्या अंगावरचं वस्त्र उतरलेलं पुरुषाने पाहायचं नाही, असा दंडक होता. आयला ते काम फादर गास्परनी दिलं होतं. ते माझ्या लहानपणीचे धर्मगुरू, आता त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मी झगा बाजूला केला, मेणाचे हात सोडवले आणि कापडी धडाची शिवण उसवायला घेतली. टाके बारीक आणि एकसारखे होते. आत कापसाच्या थरात हाडं होती.

पहिली हाती आली ती खरोखरच जुनी होती. करडी, खडूसारखी ठिसूळ, बोट लावलं की भुगा सुटायचा. डाव्या दंडाचं अर्धं हाड, मांडीचा तुकडा, काही फासळ्या. फादर लिओ पुढे वाकून पाहत होते. मी त्यांना म्हटलं, लहान मुलीची असू शकतात, आणि प्राचीनही असू शकतात, तुमची बाजू पडली असं दिसतंय. पास्कूमामाने भिंतीपाशी क्रुसाची खूण केली, कपाळ, छाती, दोन्ही खांदे.

मग कापसाचा दुसरा थर निघाला आणि त्याखाली आणखी हाडं लागली.

ही वेगळी होती. पिवळसर तपकिरी, घट्ट, वजनदार. त्यातही डाव्या दंडाचं हाड होतं, अख्खं. मी ते पहिल्याशेजारी ठेवलं. एका माणसाला दोन डावे दंड नसतात हे कळायला डॉक्टर लागत नाही. फादर लिओ सरळ उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे काढत गेलो. मांडीची दोन्ही हाडं, टोकं अजून जुळलेली नव्हती, म्हणजे वय चौदा-पंधरा. बांधा सडपातळ. मी शिकवताना बोलतो तसं मनातल्या मनात बोलत होतो, आणि मग मी डाव्या हाताचं कोपराखालचं हाड उचललं.

ते मधोमध वाकडं होतं. कधीतरी मोडलेलं, नीट न बसवता जुळलेलं, जोडावर हाडाची गाठ आलेली.

मला माझी बहीण रेजिना दिसली. घरातली थोरली, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. जांभळाच्या झाडावरून पडली तेव्हा हाडवैद्याने तिचा हात बांबूच्या कामट्यांत बांधला होता आणि तो असाच वाकडा जुळला होता. ती माझे केस विंचरायची तेव्हा मनगट बाहेर वळवून फणी धरायची, कारण तिला ते सरळ धरता येत नसे. त्या हातावरची ती गाठ माझ्या कानाला लागायची.

माझ्या हातातलं हाड मी टेबलावर ठेवलं. हाड ठेवताना आवाज होऊ नये एवढं मला कळत होतं, बाकी काही कळत नव्हतं. खोलीच्या खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. फादर लिओ विचारत होते, डॉक्टर, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, उकडतंय, आज एवढंच पुरे. मग टेबलावर पांढरी चादर पसरली आणि फादरना खोलीला कुलूप घालायला सांगितलं. पास्कूमामा माझ्यामागोमाग बाहेर आला आणि त्याने विचारलं, सायबीण खरी आहे ना. त्याच्याकडे पाहणं मला शक्य नव्हतं. उद्या बोलू, एवढंच मी म्हणालो.

रेजिना एकोणीसशे बावन्न साली गेली. पंधरा वर्षांची होती. दुपारी पाणी आणायला गेली आणि विहिरीत सापडली. काठावर भरलेली कळशी नीट ठेवलेली होती, आणि त्या कळशीवरून गावाने ठरवलं की पोरीने जीव दिला. पाण्याला गेलेली मुलगी कळशी भरून झाल्यावर पडते कशी, असं लोक विचारत होते. तिचं कुणाशी तरी नाव जोडलं होतं, अशीही कुजबुज होती. आय सांगत राहिली की कळशी ठेवून ती रहाटात अडकलेला दोर सोडवायला वाकली आणि शेवाळावरून घसरली. तिचं कुणी ऐकलं नाही. बाबा तेव्हा बोटीवर होते, कुठल्या बंदरात तेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

जीव दिलेल्याला दफनभूमीत जागा नाही, असा तेव्हाचा नियम. फादर गास्पर डळमळीत होते. त्यांनी समितीच्या माणसांना विचारलं. समितीत सर्वांत तरुण पास्कूमामा होता. सख्ख्या भाचीसाठी नियम वाकवला असं कुणी म्हणू नये म्हणून की काय, सर्वांआधी तोच म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा. दफनभूमीच्या फाटकाला त्याने स्वतःच्या हाताने कुलूप लावलं. मी नऊ वर्षांचा होतो, आयचा पदर धरून उभा होतो. रेजिनाला भिंतीबाहेर, खाडीकडच्या केवड्याच्या बनात पुरलं. घंटा वाजली नाही.

मी घरी आलो तेव्हा आय मागच्या अंगणात होती. शेंगांचं सूप तसंच ओट्यावर पडलेलं होतं. मला पाहून ती पाटावर बसली आणि तिने मलाही खूण केली. मी काही विचारायच्या आत तीच बोलली.

"उशी उसवलीस का?"

"नाही."

"उसवू नकोस. तिचं डोकं आहे त्यात."

मी तिच्यासमोर जमिनीवरच बसलो. चाळीस पार केलेला माणूस होतो, हजारो विद्यार्थ्यांना मी माणसाचं हाड न् हाड शिकवलेलं होतं, आणि आता मी लहानपणीसारखा तिच्या पदराचं टोक धरून बसलो होतो. आयने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

मग तिने सांगितलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. आमच्याकडे दफनभूमी लहान, म्हणून तीन वर्षांनी थडगं उकरतात आणि घरची माणसं हाडं गोळा करून दफनभूमीतल्या अस्थिकुंडात सोडतात. रेजिना गेली त्याच वर्षी गेलेल्या इतरांची हाडं त्यांच्या त्यांच्या घरच्यांनी उचलली. आयला कुणी बोलावलं नाही. ती एकटी केवड्याच्या बनात गेली, कुदळ घेऊन, भर दुपारी. केवड्याचे काटे हाताला लागत होते, ते तिला आठवत होतं. जेवढं मिळालं तेवढं तिने जुन्या लुगड्यात बांधून घरी आणलं आणि तांदळाच्या कणगीमागे ठेवलं. बाबा तेव्हाही समुद्रावर होते. त्यांना ती कधीच बोलली नाही, शेवटपर्यंत.

फादर गास्परना बहुधा आतून खात असावं. त्यांनी आदल्याच वर्षी तिला सायबिणीच्या कपड्यांचं काम दिलं होतं, आणि आता म्हणाले, आतलं कापड कुजलंय, धडही नवं शिवून दे. किल्ली तिच्या हातात दिली. आय टोपलीत वर नवं रेशीम आणि खाली ते लुगडं घेऊन साक्रिस्तीत गेली आणि दार लावून घेतलं.

मी विचारलं, सायबिणीची जुनी हाडं काढून टाकावीशी नाही वाटली.

"ती कशाला काढू? तीही कुणाची तरी पोर. दोघींना एकत्र ठेवलं. सोबत झाली."

एवढ्या वर्षांचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर उलटंपालटं होत होतं. परीक्षेला निघालो की आय मला चर्चमध्ये न्यायची. सायबिणीच्या पाया पड, असं ती कधी म्हणाली नव्हती. "तिला सांगून जा," असं म्हणायची. मी काचेला ओठ लावायचो आणि सांगायचो, गणिताचा पेपर आहे. लग्न ठरलं तेव्हा बायकोला घेऊन गेलो होतो. पोर झालं तेव्हा पोराला. बाबांनीही बोटीवर जाण्याआधी दर वेळी त्या काचेवर हात ठेवला होता आणि त्यांना माहीत नव्हतं. सारं गाव त्या पेटीपुढे रडलं होतं. ज्यांनी तिला भिंतीआत घेतलं नाही, त्यांनी तिच्यापुढे मेणबत्त्या लावल्या होत्या.

"आणि मामा?" मी विचारलं.

"पास्कूची तीन पोरं जन्मताच गेली, तुला आठवतं ना. चौथ्या खेपेला तो तिथे जाऊन बसला, जेवायचा नाही, उठायचा नाही. मग मुलगी झाली. तिचं नाव त्याने सेरेना ठेवलं." आयने रिकामा तांब्या बाजूला ठेवला. "मी बारशाला गेले होते. झबलं मीच शिवलं."

आता मी काय करू, असं मी तिला विचारलं. तिने उठून ओट्यावरचं शेंगांचं सूप आणलं आणि मांडीवर घेतलं. म्हणाली, फादरला खरं सांग. शिकलेला आहे, त्याला पेलेल. गावाने विचारलं तर खोटं बोलू नकोस, पण विचारलं नाही ते सांगायला जाऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फादर लिओंना सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसून ऐकत होते. वर्षभर ते हेच म्हणत होते की ही हाडं कुणाचीही असू शकतात, पण ती खरोखर कुणाची तरी असतील याची त्यांना कल्पना नसावी. एकदाच म्हणाले, "मी रोज त्याच आल्तारावर मिस्सा करतो." मग उठून खिडकीशी गेले आणि तिथूनच विचारलं, आईंना काय हवंय. मी म्हटलं, तिने काहीच मागितलेलं नाही.

बिशपांशी ते काय बोलले ते मला त्यांनी सांगितलं नाही. परत आले आणि येत्या रविवारी सभा बोलावली.

सभेला चर्च भरलं होतं. एका बाजूला पेटीवाले, दुसऱ्या बाजूला चित्रवाले, आणि दोघांनाही खात्री होती की निकाल आपल्याच बाजूने लागणार. फादर लिओ त्या दिवशी नेहमीसारखे बोलले नाहीत. शब्द जुळवत, अडखळत बोलत होते. पेटीत एका नव्हे तर दोन मुलींची हाडं सापडली आहेत, असं त्यांनी सांगितलं तेव्हा बाकांवरून एकच कुजबुज उठली. दोघीही कोवळ्या वयात गेलेल्या. पेटीत, लोकांच्या नजरेसमोर ठेवण्याऐवजी त्यांना आता दफनभूमीत, मोठ्या क्रुसाच्या पायाशी, पूर्ण विधीने माती द्यायची, असं ते म्हणाले. भिंतीवरच्या चित्राचा त्यांनी उल्लेखच केला नाही.

पास्कूमामा उभा राहिला. सायबिणीला जमिनीत घालणार, आम्ही जिवंत असताना, असं तो म्हणाला. मग तो माझ्याकडे वळला.

"तू डॉक्टर आहेस, तू सांग. दोघींतली आमची सायबीण कोणती?"

चर्चमध्ये सगळे माझ्याकडे पाहत होते. आय बायकांच्या बाकांत तिसऱ्या रांगेत होती, ती समोर आल्ताराकडे बघत होती.

मी म्हटलं, "मामा, तुम्ही दोघींपुढे गुडघे टेकलेत. दोघींनी ऐकलं असणार."

मग डोळे पुसून त्याने आपली अट घातली. माती द्यायचीच असेल तर गपचूप नाही. बँड लावायचा, घंटा वाजवायची, सगळ्या गावाने चालत यायचं, आणि पहिला खांदा त्याचा. कुणी विरोध केला नाही.

मी अनेक अंत्ययात्रा पाहिल्या आहेत, पण तशी पाहिली नाही. सातवडच्या साऱ्या बायका ठेवणीतली लाल लुगडी नेसून आल्या होत्या. पुढे क्रूस, मागे बँड, त्यामागे शाळेतल्या मुली पांढऱ्या फ्रॉकात, हातात सायलीच्या माळा. शवपेटी छोटी होती. तिच्यात आम्ही दोघींना ठेवलं तेव्हा रेशमी उशी आयने स्वतः आत ठेवली आणि तिच्या कडा नीट केल्या. पहाटेपासून घंटा वाजत होती. पास्कूमामाने उजवा खांदा दिला होता. वाटेत बदली माणसं पुढे आली, पण त्याने खांदा बदलू दिला नाही. वय झालं होतं, धाप लागत होती, तरी दफनभूमीच्या फाटकातून पेटी आत गेली ती त्याच्याच खांद्यावरून.

आय माझ्याशेजारून चालत होती. फाटकाशी तिची चाल किंचित मंदावली, मी तिचा हात धरला. ती आत गेली.

क्रुसाच्या पायाशी खड्डा तयार होता. फादर लिओंनी प्रार्थना वाचली, पाणी शिंपडलं, आणि मग पुस्तक मिटून त्यांनी पाठ म्हटल्यासारखं स्वच्छ आवाजात म्हटलं, "प्रभो, तुझ्या सेविका सेरेना आणि रेजिना यांना तुझ्या घरी विसावा दे."

तरुण माणसांना त्यात काही वावगं वाटलं नाही. कुणीतरी मागे म्हणालं, रेजिना म्हणजे लॅटिनमध्ये राणी. पण चार म्हाताऱ्या बायांनी एकदम वर पाहिलं, आणि पाहिलं ते आयकडे. पास्कूमामा खड्ड्याच्या काठावर मूठभर माती घेऊन उभा होता. त्याची मूठ उघडेना. त्याने फादरकडे पाहिलं, फादरनी नजर खाली केली नाही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि शेवटी आयकडे. आय त्याच्याकडेच पाहत होती. एखादा माणूस पाण्यात बुडताना जसा हवेसाठी तोंड उघडतो तसं त्याचं तोंड उघडलं होतं. लोक मागे थांबले होते. आय पुढे झाली, तिने त्याच्या मनगटाला धरलं, हात खड्ड्यावर नेला आणि त्याची बोटं एकेक करून सोडवली. माती खाली पडली. मग तिने स्वतःची मूठ टाकली.

गावात त्याची वाच्यता झाली नाही असं नाही. त्या चार म्हाताऱ्यांना कळलं म्हणजे हळूहळू बऱ्याच जणांना कळलं असणार. पण कुणी आयला विचारलं नाही आणि कुणी फादरकडे तक्रार नेली नाही. आल्तार दगडाचा झाला. भिंतीवरचं चित्रही दोन वर्षांनी झालं, आणि त्याच्याविरुद्ध सभेत कुणी उठून बोललं नाही. पुढे फादर लिओंची बदली झाली.

मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं. दफनाहून आल्यावर आयने लुगडं बदललं, चहा टाकला. उन्हं कलली होती. फाटक वाजलं आणि पास्कूमामा आत आला. एरवी तो सरळ माजघरात येऊन बसायचा, पण त्या दिवशी ओट्याच्या पायरीशीच थांबला. कपड्यांना अजून माती लागलेली होती. काही तासांत तो पुष्कळ म्हातारा झाला होता. आय चहाचा कप घेऊन बाहेर आली, तो त्याने घेतला नाही.

"बाय," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला आमच्यात बाय म्हणतात. "सगळी वर्षं तू मला तिथे बघत होतीस. रोज. मी तिच्यापुढे डोकं टेकायचो, मागायचो, रडायचो. तू मागच्या बाकावरून बघायचीस आणि तुला ठाऊक होतं. तुला काय वाटायचं गं?"

मला वाटलं, आता ती बोलेल. फाटकाच्या कुलपाचं, केवड्याच्या काट्यांचं, एवढ्या वर्षांत जे कधी बोलली नव्हती ते सगळं.

आयने कप त्याच्या हातात दिला.

"वाटायचं, मामा भाचीला भेटायला आलाय," ती म्हणाली. "बस. चहा निवतोय."